एका फुलाचा तक्ता

त्याला झाड म्हणणं म्हणजे तशी थट्टाच होती. मुळांसकट उचललं तर तळहातावर मावेल आणि वर शेजाऱ्यालाही जागा उरेल, एवढाच त्याचा संसार. कोटाच्या बटणाएवढा पानांचा गेंद, त्यातून बोटाच्या पेराइतका वर आलेला दांडा, आणि दांड्याच्या टोकाला नखावर बसेल एवढं एक फूल. बारा हजार फुटांच्या वर, जिथे वारा माणसाला धड उभंही राहू देत नाही, तिथे दगडाच्या भेगेत हे राहतं. या एवढ्याशा जिवापायी एका चांगल्या शिकल्यासवरल्या बाईने आयुष्याची अकरा वर्षं घातली होती, आणि तिला त्याचा जराही पश्चात्ताप नव्हता.

बाई वनस्पतींच्या संग्रहालयात काम करायची. संग्रहालय म्हटल्यावर लोकांना बाग वाटते. तिथे एकही हिरवं पान नव्हतं. होती ती लोखंडी कपाटं, कपाटांत जाड कागद, कागदांवर दाबून वाळवलेल्या वनस्पती आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. वाळलेलं फूल छोट्या भांड्यात उकळून मऊ करायचं, सुईने उलगडायचं, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं आणि मापं वहीत लिहायची. हे काम ती बावीस वर्षं करत आली होती. घरी तिला शास्त्रीणबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिच्या नणंदेने.

आणि नणंदेला सगळे सिस्टर म्हणत. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढल्यावर दुसरं काय म्हणणार? रुग्ण म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, शेजारचे म्हणायचे, सख्खा धाकटा भाऊसुद्धा सिस्टरच म्हणायचा. आईवडील गेले तेव्हा हा भाऊ नऊ वर्षांचा होता. सिस्टरने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. पुढे त्याच्या बायकोला संशोधन करायचं होतं आणि पदरात तान्ही पोर होती, तेव्हा ड्यूट्या बदलून घेऊन ती पोरही सिस्टरनेच सांभाळली. स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, की केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. तिचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं.

शास्त्रीणबाईला ही गोष्ट फार वर्षं टोचत होती, आणि आता तिला त्यावर उपाय सापडला होता.

झालं होतं असं. शंभरेक वर्षांपूर्वी एका दाढीवाल्या अभ्यासकाने डोंगरातल्या एका खिंडीच्या पश्चिम उतारावरचे नमुने पाहून या वनस्पतीचं वर्णन करून ठेवलं होतं. नाव दिलं होतं आपल्या मेहुण्याचं. मेहुणा कागदाचा व्यापारी होता आणि डोंगर त्याने चित्रातच पाहिलेला होता. पण खिंडीच्या पूर्व उतारावरून आलेले अकरा नमुने शास्त्रीणबाईला वेगळे दिसले. पश्चिमेकडच्या फुलात बीजकोशाच्या डोक्यावर दोन लांब शिंगं असायची, टोकं लालसर, आणि दहाच्या दहा पुंकेसर बाहेरच्या बाजूला पसरून निजलेले. पूर्वेकडच्या फुलात शिंगं आखूड, मिटलेली, आणि एखाददुसरा पुंकेसर मध्ये येऊन बीजकोशावर वाकलेला. अकराच्या अकरा नमुन्यांत हेच. पानांवरच्या लवेतही थोडा फरक होता, एकट्याने पुरणारा नसला तरी. म्हणजे ही वेगळी प्रजाती. आणि नव्या प्रजातीला नाव द्यायचा मान वर्णन करणाऱ्याचा असतो.

तिने सिस्टरचं नाव दिलं होतं. त्याला लॅटिनचं शेपूट जोडलं होतं, म्हणजे ते जगभरच्या पुस्तकांत जाणार होतं आणि डोंगर असेपर्यंत राहणार होतं. घरात तिने याचा ठाव लागू दिला नव्हता. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. लेख मान्य झाला होता, छापायला जायचे कागद तपासणीसाठी टेबलावर येऊन पडले होते, सोमवारपर्यंत परत पाठवायचे होते. संपादकाने समासात फक्त एक शंका काढली होती. जिवंत फुलाचा रंग कोणता?

आता आली का पंचाईत! जिवंत फूल तिने पाहिलंच नव्हतं. एकदा गेली होती ती वर, पण झाडांची हद्द संपते तिथेच नाकातून रक्त आलं आणि वाटाड्याने तिला मागे फिरवलं. म्हणून तिने खिंडीतल्या हवामान केंद्राच्या निरीक्षकाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं ते बिस्किटांच्या डब्यातून.

"बाई," त्याने लिहिलं होतं, "मी पांढरा लिहिलं तर तुम्ही विचाराल कसला पांढरा. तुमची जात मला माहीत आहे. तेव्हा जिवंतच पाठवतोय. माझ्या दारातलीच आहे. कळी उद्यापरवा उमलेल. ऊन लागू देऊ नका."

डबा उघडला तेव्हा ओल्या शेवाळात तो गेंद बसलेला होता. शास्त्रीणबाई डब्यावर वाकली. पानांच्या कडेला चुन्याचे बारीक ठिपके असतात, हे तिने अकरा वर्षांत वीस वेळा तरी लिहिलं असेल. पण प्रत्येक ठिपक्याखाली पाण्याचा इवलासा थेंब असतो, आणि तो थेंब सुकून चुना होतो, हे कोणत्या कागदाने तिला सांगितलं होतं? ती नुसती बघत राहिली. आपण ज्याचं चरित्र लिहिलं तो माणूस दारात येऊन उभा राहावा, तसं तिला झालं.

"पेशंट कोण आहे?" मागून सिस्टरने विचारलं.

"डोंगरावरून आलाय. उकाडा सोसायचा नाही त्याला."

"मग तुझ्या हातात नको. तुझ्याकडे आलेलं सगळं वाळतं."

सिस्टरने गेंद कुंडीत बसवला आणि कुंडीचा ताबाच घेतला. मागच्या खोलीतली उत्तरेकडची खिडकी रिकामी केली, पसरट टबात बर्फाचं पाणी घालून त्यात कुंडी ठेवली, शेजारी भिंतीवर थर्मामीटर टांगला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत घरात कोणी धड आजारीही पडलं नव्हतं, त्यामुळे तिचे हात नुसते शिवशिवत होते. सोमवारी सकाळी कळी उमलली. पाच पांढऱ्या पाकळ्या. प्रत्येक पाकळीवर खाली दोन पिवळे ठिपके आणि वर एक लाल. शास्त्रीणबाईने रंग टिपून घेतला, एक ओळीचं काम एका ओळीत संपवलं आणि ऑफिसला गेली. झाडाची रवानगी आता दाबायच्या कागदात करायची, एवढंच बाकी होतं. ते सवडीने करू म्हणून राहिलं.

बुधवारी संध्याकाळी ती परतली तेव्हा कुंडीच्या टबाला दोऱ्याने एक कागद लटकत होता.

"हे काय?"

"तक्ता. पेशंट म्हटल्यावर तक्ता नको? डोळे फुकट थोडेच दिलेत देवाने. शिवणकामाचं भिंग होतंच घरात."

शास्त्रीणबाई हसत हसत वाचू लागली. सिस्टरने पुंकेसरांना खाटांचे नंबर दिले होते.

सोमवार, सकाळी आठ. सगळे खाटेवर आडवे. सोमवार, बारा. खाट एक उठून बसला. चार वाजता खाट एक मध्ये जाऊन वाकला, पिवळी पावडर बाहेर. मंगळवार, आठ. खाट एक परत जागेवर झोपला, पावडर संपलेली. खाट तीन उठला. मंगळवार, दोन. खाट तीन वाकला, खाट पाच उठायच्या बेतात. बुधवार, आठ. एक आणि तीन झोपेत, पाच मध्ये. एकाआड एक नंबर लागतो. धक्काबुक्की नाही. शिस्त आमच्या वॉर्डापेक्षा बरी.

वाचता वाचता तिचं हसू विरलं. तिने भिंग घेतलं आणि फुलावर वाकली. पाचव्या नंबरचा पुंकेसर बीजकोशावर कमान करून उभा होता, टोकाला पराग लगडलेले. तिच्या अकरा नमुन्यांतल्यासारखाच. हुबेहूब.

काही कुळांत पुंकेसर हलतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. विद्यार्थिदशेत तिने ते एका ओळीत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुण घेतले होते आणि मोकळी झाली होती. पण कागदावर चिकटवलेलं फूल कधी हलतं का? बावीस वर्षांत तिच्यासमोर एकाही फुलाने हालचाल केली नव्हती. फूल म्हणजे मोजता येणारी, जागची न हलणारी वस्तू, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"सिस्टर," तिने शक्य तितक्या सहज विचारलं, "समजा, हेच फूल एकाने पहिल्या दिवशी पाहिलं आणि दुसऱ्याने आठवड्याने. मग?"

"मग दोन केसपेपर निघतील," सिस्टर म्हणाली. "आमच्याकडे झालं होतं तसं. एक माणूस सोमवारी ताप घेऊन आला, गुरुवारी अंगभर पुरळ घेऊन आला. दोन केसपेपर, दोन डॉक्टर, आणि दोघांची आपापसांत ही जुंपली! शेवटी आयाने सांगितलं, अहो, हा तोच आहे, याच्या चपला मी ओळखते."

शास्त्रीणबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय असं तिने सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने संग्रहालयातले दोन्ही उतारांचे पंचवीसही कागद मोठ्या टेबलावर मांडले आणि या खेपेला फुलं बघितलीच नाहीत. फक्त तारखा बघितल्या. पूर्वेकडचा रस्ता आधी उघडतो. तिकडून जाणारे लोक बर्फ वितळता वितळता वर पोचत, फुलं नुकती उमललेली असत. पश्चिमेकडची दरड हटायला महिना जातो. तिकडून जाणाऱ्यांना सरत्या बहराची फुलं मिळत. पूर्वेचे अकराही नमुने एका पंधरवड्यातले निघाले. पश्चिमेचे चौदाही त्यानंतरचे. या तारखा तिने स्वतःच टाइप केलेल्या होत्या. इतकी वर्षं त्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या आणि तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तरी आशा सुटेना. पुंकेसर हलतात हे खरं, पण शिंगांचं काय? पूर्वेकडचं फूल सगळे पुंकेसर रिते झाल्यावरही आखूड शिंगांचंच राहिलं, तर प्रजाती वेगळी. कुंडीतली वनस्पती पूर्व उताराचीच होती, निरीक्षकाचं दारच मुळी पूर्वेला होतं. म्हणजे निकाल त्या एका फुलाच्या हाती होता. सात, नऊ, मग दोन, चार, सहा, आठ, दहा. दहावा परतला की शिंगं वाढणार, किंवा वाढणार नाहीत. वाढली तर सिस्टरचं नाव गेलं.

ती देव पाण्यात घालून बसली, आणि तिकडे सिस्टर फुलाला चिअर करत होती. "उठ बाबा, सात नंबर, तुझीच वाट बघताहेत सगळे!" बाहेरच्या पाचांची रांग झाली, आतल्या पाचांची सुरू झाली. शुक्रवारी सिस्टरने भावालाही भिंग लावून बसवलं. तो शाळेत गणित शिकवायचा. "यांना मोजता येतं की काय?" असं म्हणून तोही बराच वेळ बसून राहिला.

शनिवारी सकाळी सिस्टर आंघोळीला गेलेली असताना शास्त्रीणबाई टिपकागद आणि कात्री घेऊन खिडकीशी आली. यात लबाडी तशी काहीच नव्हती. लेखासोबत नमुना जोडायचा असतो, तिच्या कामाची रीतच ती. आत्ता कापलं, आत्ता दाबलं, की एक पुंकेसर मध्ये, शिंगं मिटलेली, असा बारावा नमुना तयार. तिच्या वर्णनाशी तंतोतंत जुळणारा. पुढे काय झालं असतं, ते कोणालाच कळलं नसतं. तिलासुद्धा नाही. कात्रीची पाती दांड्याला लागलीसुद्धा.

"अगं ए!" सिस्टर ओल्या केसांनी दारात उभी होती. "डिस्चार्जच्या आधी पेशंट उचलतात का कधी?"

"नाही," शास्त्रीणबाई म्हणाली. तिने कात्री खाली ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईला इतकी लाज वाटून बरीच वर्षं झाली होती.

शनिवारी दुपारी दहावा उठला, संध्याकाळपर्यंत वाकून रिता झाला.

रविवारी सकाळी सातला दोघी खिडकीशी बसल्या. दहावा आपल्या जागी जाऊन आडवा झाला होता. दहाही जण आता बाहेरच्या बाजूला पसरून निवांत पडले होते आणि मधली जागा मोकळी झाली होती. भावाने चहा आणून ठेवला तो निवून गेला. आठ वाजले, काही नाही. साडेआठ, काही नाही. शास्त्रीणबाईच्या मनात एक नाव पुन्हा डोकं वर काढू लागलं.

आणि मग मिटलेली शिंगं एकमेकांपासून किंचित सुटली.

डोळ्यांना दिसेल अशी ती हालचाल नव्हतीच. दुसरीकडे बघून परत बघितलं की फरक कळायचा. सोमवारी फूल उमललं होतं त्यापेक्षा शिंगं दुप्पट वाढलेली आहेत हे तिला आत्ता दिसलं. रात्रीतच वाढली असणार. आता ती दोन दिशांना वळत होती, आणि टोकं उलगडत होती. उलगडलेल्या टोकांवर, पराग झेलणाऱ्या त्या कुक्षीवर, लाल, ओलसर, मखमलीसारखी लव होती. पुस्तकातलं शंभर वर्षांपूर्वीचं वर्णन तिच्या डोळ्यांदेखत, शब्दन् शब्द, फुलून आलं.

आपण हरलो हे तिला कळलं. आणि तिच्या अंगावर काटा आला, पण तो हरल्याचा नव्हता.

आधी द्यायचं. दहाही हातांनी, एकेक करून, रोज थोडं थोडं, म्हणजे ज्या दिवशी माशी येईल त्या दिवशी काही ना काही हाताशी असेल. वरच्या त्या वाऱ्यात ऊन तासभर पडतं, माशी येते न येते. आणि आपल्याच परागाचा कण आपल्याच अंगावर पडू नये म्हणून तोवर स्वतःचं दार घट्ट मिटून ठेवायचं. शेवटचा रिता झाला की मगच दार उघडायचं, दुसऱ्या कोणाचं तरी येईल म्हणून. नखाएवढ्या जिवाला हे कोणी शिकवलं? माणसाने लिहिण्यासाठी कागद केला त्याच्याही हजारो वर्षं आधीपासून, बघायला चिटपाखरू नसताना, दगडाच्या भेगेत हे चाललेलं होतं. तिने अकरा वर्षं या फुलाची मापं घेतली होती आणि ते काय करतं हे तिला आज कळत होतं. तिला रडू येत होतं आणि इतकं बरं वाटत होतं की त्याचीच तिला भीती वाटली.

"नऊ वाजून सतरा मिनिटं," सिस्टर कुजबुजली. तिचेही डोळे भरले होते. चौतीस वर्षांत तिने हजारभर बाळंतपणं पाहिली असतील, पण ती आता प्रसूतिगृहात बोलावं तशा हलक्या आवाजात बोलत होती. "काय लिहू गं?"

"लिहा, कुक्षी उघडली. रंग लाल."

सिस्टरने लिहिलं. 

"म्हणजे आता ही कोण ठरली?"

"जुनीच. त्या मेहुण्याची."

"आणि तुझी नवी?"

"नवी अशी कोणी नव्हतीच, सिस्टर. उद्या लेख मागे घेते."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. तक्त्याकडे बघितलं, मग हिच्या तोंडाकडे. माणसाचा चेहरा वाचायची तिची सवय कुठली जायला!

"या कागदापायी?"

"या फुलापायी."

"तू आधी सांगायचं होतंस. मी भिंग उचलून ठेवलं असतं. एक शब्द बोलले नसते."

"ते माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाही."

"अकरा वर्षं गं," सिस्टर म्हणाली. तिने हिचा हात धरला, नाडी बघतात तसा मनगटाशी. "नाव तरी काय ठेवणार होतीस?"

शास्त्रीणबाईने सांगितलं. लॅटिन शेपटासकट, जसं छापलं जाणार होतं तसं.

"हे काय? खोकल्याचं औषध वाटतंय."

"शेवटची दोन अक्षरं सोडा आणि बघा."

सिस्टरचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग ती थांबली. खिडकीबाहेर बघू लागली. टबातला बर्फ वितळला होता, पण पेशंटकडे तिचं लक्ष नव्हतं. चष्मा काढून तिने पदराने पुसला, परत घातला, परत काढला.

"माझं?" ती म्हणाली.

"तुमचं."

"जगभरच्या पुस्तकांत?"

"हो."

"आणि मीच ते..." तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. बरंच सावरल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. दुसऱ्याच्या केसपेपरवर माझं नाव नको. पण मला एकदा परत ऐकव."

"लॅटिनमध्ये?"

"नको. ते शेपूट काढून. नुसतं."

चोवीस वर्षांच्या संसारात शास्त्रीणबाईने नणंदेचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. तिने ते घेतलं. पुढे ताई नाही, सिस्टर नाही, नुसतं नाव, शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारावी तसं.

आणि सिस्टरने ओ दिली.